टीमचा राखणदार: खेळाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर बर्फावरच्या हॉकीची ओळख करून दिली होती, त्यावर भरपूर मेसेज आले आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळे मारामारीबद्दलच. त्यातले चार प्रश्न घेतोय.

मी चिपळूणला कॉलेजला आहे. रात्री मोबाईलवर एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, क्लिप्स बघतो. एक धिप्पाड प्लेअर येतो, ग्लोव्ज खाली टाकतो, समोरच्याला गुद्दे घालतो आणि रेफ्री बाजूला उभा राहून बघतो. मग पाच मिनिटं बाहेर बसून गडी परत आत. अख्ख्या सीझनमध्ये त्याच्या नावावर दोन गोलपण नसतात. दादा, अशा माणसाला पगार देऊन टीममध्ये का ठेवतात?

अरे आधी एक गोष्ट लक्षात घे, बर्फावरच्या हॉकीत अंगाला अंग लावणं हा फाऊल नाही, ज्याच्याकडे पक, म्हणजे बॉलच्या जागी असलेली रबरी चकती, आहे त्याला खांद्याने धडक देऊन पाडणं नियमात बसतं. रिंक साधारण 61 मीटर लांब, 26 मीटर रुंद, चारी बाजूंनी पक्की फळ्यांची भिंत, त्यात स्केट्सवर सुसाट सुटलेले दोन्हीकडचे पाच-पाच गडी आणि प्रत्येकाच्या हातात स्टिक. आता समज तुझ्या टीममध्ये एकच पोरगा असा आहे जो एकट्याच्या जोरावर मॅच फिरवतो. त्याला थांबवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कुठला? मनगटावर स्टिकचा फटका, पाठमोरा असताना भिंतीवर ढकलणं, जाताजाता तोंडावर कोपर. आणि 1990 च्या दशकाच्या शेवटापर्यंत एनएचएलच्या मॅचला मुख्य रेफ्री एकच असायचा, तो पकच्या मागे पळणार की पाठीमागे कोण कोणाला काय करतंय ते बघणार? बरंचसं सुटूनच जायचं.

तिथे हा तू म्हणतोस तो धिप्पाड गडी लागायचा, त्याला एन्फोर्सर म्हणतात. गोल करणं हे त्याचं काम नव्हतंच, समोरच्या बेंचवर बसलेल्याला आधीच माहीत पाहिजे की या पोराला हात लावलास तर तो येणार, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे गावाला राखणदार असतो ना, तो कोणाला रोज दिसत नाही पण त्याच्या हद्दीत माणूस पाऊल जपून टाकतो, तसं काहीसं. वेन ग्रेट्झकीचं उदाहरण घे, 1981-82 च्या एका सीझनमध्ये 92 गोल करणारा माणूस आणि अंगाने अगदी सडपातळ. एडमंटन ऑइलर्समध्ये त्याच्या आजूबाजूला आधी डेव्ह सेमेन्को असायचा, नंतर मार्टी मॅकसोर्ली. 1988 च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्झकीला लॉस एंजेलिस किंग्जकडे दिलं तेव्हा मॅकसोर्लीपण त्याच सौद्यात सोबत गेला, तो यावा म्हणून ग्रेट्झकीनेच आग्रह धरला होता. इतिहासातला सगळ्यात मोठा खेळाडू नव्या शहरात जाताना आपल्या राखणदाराला मागून घेतो, यावरून त्या माणसाची किंमत तूच ठरव.

रेफ्री बघत का उभा राहतो, तर त्यामागेपण हिशोब आहे. मारामारीला पाच मिनिटांची मोठी पेनल्टी असते, पण दोघं राजीखुशीने भिडले तर दोघांनाही पाच-पाच मिनिटं मिळतात आणि ती एकमेकांत कटतात, म्हणजे बर्फावर दोन्ही टीमचे गडी सारखेच राहतात आणि टीमला भुर्दंड काहीच पडत नाही. तिसरा कोणी मध्ये घुसला तर तो मात्र सरळ मॅचबाहेर. लाइन्समन, म्हणजे रेफ्रीचे मदतनीस, जवळच उभे असतात, एकजण खाली पडला किंवा दमून नुसते एकमेकांना धरून राहिले की लगेच सोडवतात. प्लेअर्सचे आपसातले नियमपण असतात, आधी विचारायचं, समोरचा तयार नसेल तर मारायचं नाही, स्टिक वापरायची नाही, पडलेल्यावर हात टाकायचा नाही. क्लिप परत नीट बघ, भिडायच्या आधी दोघांचे ओठ हलताना दिसतील, ते बहुतेक वेळा हेच विचारणं असतं.

पण सगळेच एन्फोर्सर राखण करत होते असं समजू नकोस. फिलाडेल्फिया फ्लायर्सने 1974 आणि 1975 असा लागोपाठ दोनदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचा किताब, जिंकला, त्यांचा डेव्ह शुल्ट्झ 1974-75 च्या सीझनमध्ये 472 मिनिटं पेनल्टीत होता, म्हणजे जवळजवळ आठ मॅचचा वेळ. ते स्वतःच्या पोराला वाचवणं नव्हतं, समोरच्याला घाबरवून त्याचा खेळ मोडणं होतं, आणि असे एन्फोर्सर वाढले म्हणून राखणारेपण वाढले. माझं मत विचारशील तर राखणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे, दहशत घालणाऱ्याबद्दल अजिबात नाही, मग कप कितीही जिंकलेले असोत.

आपल्या हॉकीत असा प्लेअर का नसतो? आमच्या रत्नागिरीत शाळेच्या टीमला खेळवणारे सर म्हणतात की आपली पोरं सभ्य असतात म्हणून.

सरांचा मान राखून सांगतो, सभ्यतेपेक्षा हा नियमांचा परिणाम जास्त आहे. मैदानी हॉकीत मुद्दाम धक्का मारणं हाच फाऊल. ग्रीन कार्डला 2 मिनिटं बाहेर, यलोला किमान 5, रेडला मॅच संपली, आणि तेवढा वेळ तुमची टीम एका गड्याने कमी खेळते, बदली माणूस आत येत नाही. 23 मीटरच्या आत मुद्दाम फाऊल केलात तर समोरच्याला पेनल्टी कॉर्नर, सर्कलमध्ये मुद्दाम केलात तर पेनल्टी स्ट्रोकपण बसू शकतो. म्हणजे चांगल्या फॉरवर्डला मारलं तर त्याच्याच टीमला गोलची संधी मिळते. राखणदाराचं काम तिथे अंपायर आणि नियमच करतात, मग वेगळा माणूस कशाला पोसायचा?

मी कुडाळला नर्स आहे. प्रश्न साधा आहे, सीझनभर डोक्यात गुद्दे खाणाऱ्या या लोकांचं पुढे काय होतं?

ताई, या पानावर सगळ्यात आधी हाच प्रश्न यायला हवा होता.

डेरेक बोगार्ड हे नाव सांगतो. मिनेसोटा वाइल्ड आणि नंतर न्यूयॉर्क रेंजर्स, उंचीने साडेसहा फुटांच्या वर, एनएचएलच्या 277 मॅचमध्ये 3 गोल. त्याला घेतलं होतं ते मुठींसाठी. 2011 च्या मे महिन्यात, वयाच्या 28 व्या वर्षी, वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र होऊन तो गेला. नंतर बोस्टन युनिव्हर्सिटीत त्याचा मेंदू तपासला तेव्हा सीटीई निघाला, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजत जाण्याचा आजार, ज्याचं पक्कं निदान आजही माणूस गेल्यावरच होतं. त्याच्या आधीच्या वर्षी बॉब प्रोबर्ट 45 व्या वर्षी गेला, हार्ट फेल झालं होतं, पण त्याच्याही मेंदूत सीटीई सापडला. एन्फोर्सरची मूठ हेल्मेटवर आपटून आपटून फुटलेली असते, ती बरी व्हायच्या आत पुढची मॅच येते, मग गोळी, मग झोप लागत नाही म्हणून अजून एक गोळी. हे काम केलेल्या बऱ्याच जणांनी नंतर उघड सांगितलंय की उद्या समोर कोण आहे या धास्तीने आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. टीममधला सगळ्यात दांडगा माणूस आणि रात्रभर जागा, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

आणि एवढं सोसून स्टार प्लेअर्स खरंच सुरक्षित झाले का, हापण प्रश्न आहेच. 2004 च्या फेब्रुवारीत कोलोराडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरच्या कॅप्टनला, मार्कस नॅसलुंडला, जोरात धडक दिली. 8 मार्चला दोन्ही टीम परत समोरासमोर आल्या तेव्हा मूर पहिल्याच पिरियडमध्ये व्हँकुव्हरच्या मॅट कुकशी भिडला, म्हणजे त्यांच्या अलिखित नियमाप्रमाणे हिशोब चुकता झाला होता. तरी शेवटच्या पिरियडमध्ये टॉड बर्टुझीने मागून येऊन त्याला गुद्दा मारला आणि बर्फावर पाडला. मूरच्या मानेचे मणके मोडले, त्यानंतर तो एनएचएलमध्ये कधीच खेळला नाही. हिशोब मिटवायचं काम मुठीवर सोपवलं की हिशोब कधी मिटला हेपण मूठच ठरवते, अंपायरच्या हातात काही राहत नाही.

बरं, बदल झालाय. 1992-93 पासून भांडण सुरू करणाऱ्याची शिक्षा कडक झाली, आता त्याला जादा 2 मिनिटं आणि वर 10 मिनिटं मिसकंडक्ट, म्हणजे गैरवर्तनाची शिक्षा, त्या 2 मिनिटांत त्याची टीम एका गड्याने कमी, त्यामुळे सूड घेणं महाग झालं. 2005 पासून सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, आली, त्यात मॅचला गोलकीपर सोडून 18 च गडी उतरवता येतात, मग नीट स्केटिंग न येणाऱ्या माणसावर एक जागा घालवणं कोणाला परवडणार? मुख्य रेफ्री आता दोन असतात. 2013 पासून मारामारीआधी हेल्मेट काढलं तर वेगळी पेनल्टी. क्युबेकच्या ज्युनियर लीगने तर 2023 मध्ये मारामारीवर बंदीच घातली. फक्त मारामारीसाठी ठेवलेला प्लेअर आता क्वचितच दिसतो. मारामारी मात्र संपलेली नाही, 2025 च्या फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका मॅचच्या पहिल्या 9 सेकंदांत 3 मारामाऱ्या झाल्या आणि अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं.

आम्ही देवगड तालुक्यातले. माझा भाचा 16 वर्षांचा, अंगाने दणकट, गावच्या कबड्डी संघात कोपऱ्यात खेळतो. आता संघ चालवणारे त्याला म्हणतात, समोरचा जो चांगला रेडर असेल "तेका एकदा बरो आपट, मगे परत येवचो नाय". पोरगा घरी येऊन गप्प बसतो. त्याची आई म्हणते खेळात हे चालायचंच. दादा, तुमचं काय म्हणणं?

मावशी, माझं म्हणणं स्पष्ट आहे, हे चालू देऊ नका.

वर एवढं सगळं लिहिलं ते या पोराकडे बघूनच वाचा. तिकडच्या एन्फोर्सरला निदान पगार होता, कॉन्ट्रॅक्ट होतं, डॉक्टर होते, तरी त्यांचे असे हाल झाले. आपल्याकडे देवळासमोरच्या मैदानात रात्रीच्या लाइटमध्ये स्पर्धा, कुठे मॅट असतं कुठे लाल मातीच, डॉक्टर सोडा, बर्फाची पिशवीपण मिळेल याची खात्री नाही. तिथे कोणाचंतरी डोकं जमिनीवर आपटलं तर त्याला घेऊन रात्री कुठे जाणार आहेत हे लोक? आणि पंचांनी यलो कार्ड दिलं तर 2 मिनिटं बाहेर तुमचाच पोरगा बसणार, रेड मिळालं तर मॅचच संपली त्याची, सांगणारा खुर्चीत बसलेला असतो.

तो गप्प बसतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला ते करायचं नाहीये पण टीमसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे असंही वाटतंय. ती दुसरी भावना चांगली आहे, ती मारू नका. कोपऱ्यातल्या दणकट पोराने संघ राखायचा तो अँकल होल्डने, थाय होल्डने, शेजारच्याची साखळी घट्ट धरून. तीनदा स्वच्छ पकडला गेलेला रेडर चौथ्यांदा त्या कोपऱ्याकडे यायला दहादा विचार करतो, आणि त्यात कोणाची मान मोडत नाही. समोरचे आपल्या रेडरला गळ्याला किंवा केसांना धरत असतील तर कॅप्टनने पंचांकडे जायचं, लगेच, त्याच चढाईनंतर. उद्या करू म्हणून सोडायचं नाही.

संघ चालवणाऱ्यांशी त्याच्या मामाने किंवा वडिलांनी बोलावं, चारचौघांत नको, प्रॅक्टिस संपल्यावर बाजूला घेऊन. सरळ सांगावं, पोरगा पकडी करेल, आपटाआपटी करणार नाही, पटत नसेल तर या सीझनला बसेल. दणकट कोपरा सहज मिळत नाही, बहुतेक ऐकतील. नाही ऐकलं तर खरंच बसवा, शेजारच्या गावात संघ आहेत.

आणि एक कराच. त्याच्या किंवा कोणाच्याही डोक्याला मार बसला, भले तो म्हणाला मी ठीक आहे, तरी त्या दिवशी परत मैदानात उतरू देऊ नका. डोकं ठणकणं वाढतंय, उलटी झाली, उजेड सहन होत नाही, तेच तेच परत विचारतोय, बोलणं अडखळतंय, झोपेतून उठवताना जड जातंय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, लागेल ती गाडी करा. डॉक्टरांनी खेळायला हो म्हटल्याशिवाय प्रॅक्टिसपण नाही. हे त्याच्या आईलापण वाचून दाखवा, आणि संघातल्या बाकीच्या पोरांच्या घरीही पोचवा.