फील्ड प्लेसमेंटला निघालेल्या भाच्याला

अरे, तुझा मेसेज वाचला आणि आधी हसू आलं. "मावशी, ज्यूइश फॅमिली सर्व्हिसमध्ये प्लेसमेंट लागलीय, मला हिब्रूचा ह येत नाही, मी तिथे करू काय?" तुझ्या आईचा वेगळा फोन येऊन गेला, तिला वाटतंय तुला तिथे कुणीतरी पूजापाठ शिकवणार. दोघांना उत्तर एकच. ज्यूइश फॅमिली सर्व्हिस म्हणजे ज्यूंनी सुरू केलेली, पण कुणालाही मदत करणारी समाजसेवा संस्था, मी इथे न्यू जर्सीत अशाच एका एजन्सीत काम करते. तू पुण्याचा ना, ससूनमध्ये कधी ना कधी गेला असशीलच, डेव्हिड ससूनच्या देणगीतून १८६७ साली उभं राहिलेलं हॉस्पिटल, तिथे केस पेपर काढताना तुला कुणी विचारलं का तू ज्यू आहेस का म्हणून? इथेही नाही विचारत. माझ्या केसलोडमध्ये, म्हणजे मी सांभाळते त्या लोकांत, डॉमिनिकन आहेत, इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन आहेत, फिलिपिनो नर्सची फॅमिली आहे, दोन गुजराथी आजोबा आहेत आणि हो, ज्यू पण आहेत. पैसा येतो तो काही ज्यूइश फेडरेशनकडून, म्हणजे ज्यू समाजाच्या देणग्या गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडून, काही काउंटी आणि स्टेटच्या ग्रँटमधून, काही देणगीदारांकडून, आणि काउन्सेलिंगची थोडीफार फी, ती पण माणसाच्या उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त होते.

मग नावात ज्यूइश कशाला, हा तुझा पुढचा प्रश्न असणार, म्हणून आधीच सांगते. १६५४ मध्ये २३ ज्यू माणसं, बायकापोरांसकट, ब्राझीलमधल्या रेसिफेहून निघून न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आताच्या न्यू यॉर्कला उतरली. तिथल्या स्टायव्हसंट गव्हर्नरला ती नकोच होती, हाकलून द्यायची परवानगी मागितली त्याने. वरून डच वेस्ट इंडिया कंपनीचं उत्तर आलं की राहू दे त्यांना, फक्त अट अशी की यांच्यातल्या गरिबांचा भार कंपनीवर किंवा गावावर पडता कामा नये, त्यांचं त्यांनी बघायचं. आमच्याकडे ओरिएंटेशनला ही गोष्ट हमखास सांगतात. मला विचारशील तर अट अपमानाचीच होती, पण त्यातून आपल्या माणसाला आपण धरून ठेवायचं ही सवय पक्की झाली, आणि पुढे जिथे जिथे ज्यू वस्ती झाली तिथे मदतमंडळ आधी निघालं. सॅन फ्रान्सिस्कोत १८५० मध्ये, सोनं शोधायला लोक धावत होते त्या काळात, युरेका बेनेव्होलंट सोसायटी निघाली, तीच आजची तिथली ज्यूइश फॅमिली अँड चिल्ड्रन्स सर्व्हिसेस. आज अमेरिकेत अशा शंभराहून जास्त एजन्सी आहेत. आपलं बघता बघता शेजारच्याचं बघायला लागले, एवढाच तो प्रवास.

आता कामाचं. पहिल्या आठवड्यात तुला बहुतेक फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, उभं करतील. कंटाळू नकोस, तिथे नीट बघ. आमच्याकडे आधीच भरलेल्या पिशव्या हातात देत नाहीत, रॅक लावलेत दुकानासारखे, माणूस कार्ट घेतो, फिरतो, हवं ते उचलतो, नको ते ठेवतो. परवा एक बाई दहा मिनिटं दोन प्रकारच्या बीन्समध्ये निवड करत होती आणि नवीन व्हॉलंटियर मागे उभी राहून चुळबुळत होती, की घे ना बाई काहीतरी, फुकटच आहे. त्या व्हॉलंटियरला मी बाजूला घेतलं. ती बाई महिन्याभरात स्वतःच्या मनाने एवढं एकच ठरवत असेल, बाकी सगळं घरमालक, बॉस आणि कोर्टाची तारीख ठरवते. तिला वेळ दे.

देणं कसं दिलं याला इथे देण्याइतकीच किंमत आहे, आणि हे काही कुणा मॅनेजमेंट गुरूचं डोकं नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होऊन गेला, पेशाने डॉक्टर, त्याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्यात. सगळ्यात खाली कुरकुरत देणारा. वरच्या पायऱ्यांवर देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आणि सगळ्यात वर काय, तर कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं, म्हणजे त्या माणसाला पुन्हा मागायची वेळच येऊ नये. न्यू यॉर्कमध्ये १८९२ पासून हिब्रू फ्री लोन सोसायटी चालते ती याच विचारावर, बिनव्याजी कर्ज, जामीनदार आणायचा आणि हप्त्याहप्त्याने फेडायचं. सुरुवात ९५ डॉलरवर झाली होती, फेरीवाल्यांना माल भरायला द्यायचे. आपल्याकडच्या पतपेढीवाल्यांना हे वाचून रडू येईल.

भाड्याच्या केसेस तुझ्याकडे ढिगाने येतील. एव्हिक्शनची, म्हणजे घर खाली करायची नोटीस घेऊन माणूस समोर बसला की नवीन पोरं लगेच विचारतात, किती कमी पडतायत? तू आधी विचार पुढच्या महिन्याचं काय. कारण फंडातून एकदाच मदत मिळते बहुतेक, ती या महिन्यात जिरली आणि नोकरी परत लागलीच नाही तर तो पुन्हा तिथेच, फक्त आता आपल्या हातात काही नाही. म्हणून थकबाकीचा कागद बघ, घरमालकाशी बोल, पैसे मिळाले की केस मागे घेईन असं त्याच्याकडून लेखी घे, चेक थेट त्याच्याच नावाने जातो, क्लायंटच्या हातात नाही. आणि त्याच बैठकीत बाकीचे फॉर्म काढ, स्नॅप म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदत, हीटिंगच्या बिलाची मदत, म्हातारं माणूस असेल तर औषधांचा खर्च कमी करणारी न्यू जर्सीची पाड (PAAD) स्कीम. भाड्याचे आठशे डॉलर एकदा मिळतात, औषधाचे दर महिन्याला वाचतात. गंमत म्हणजे लोकांना हे फॉर्म भरायचीच जास्त लाज वाटते, तेव्हा शेजारी बसून भर, टेबलाच्या पलीकडून नको.

होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेले लोक अजून आहेत आमच्याकडे, आता सगळे ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या घरी येणाऱ्या मदतनिसांच्या तासांचा खर्च बराचसा क्लेम्स कॉन्फरन्सकडून येतो, ही संस्था १९५१ ची, जर्मन सरकारशी वाटाघाटी करून पैसे मिळवते आणि एजन्सींमार्फत पोचवते. तू सिनियर केस मॅनेजरबरोबर होम व्हिजिटला गेलास तर डोळे उघडे ठेव आणि हात खिशात. एका आजींकडे बेडशेजारच्या ड्रॉवरमध्ये नॅपकिनमध्ये गुंडाळलेले पावाचे तुकडे असतात, काही इतके वाळलेले की खडखड वाजतात. नवीन आलेल्या मदतनीस बाईने साफसफाई म्हणून फेकून दिले, तिचा हेतू चांगलाच होता, आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. आता ठरलंय असं की जुना तुकडा काढायचा तर आजींसमोर, आणि त्या जागी आधी ताजा ठेवायचा. फाइलमध्ये हे लिहून ठेवलंय, औषधांच्या यादीच्या वर. अशांना हॉस्पिटलमधला शॉवर, लाइनीत उभं करणं, दारावर जोरात टकटक, कशानेही त्या छळछावण्या आठवून धस्स होऊ शकतं, आणि ते तुला सांगतीलच असं नाही. "तुमची स्टोरी सांगा ना" असलं काही चुकूनही बोलू नकोस. त्या स्वतःहून बोलल्या तर ऐक, मध्ये तोंड घालू नकोस.

आता आपल्या लोकांचं. तुला मराठी, हिंदी येतं म्हटल्यावर एडिसनच्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या भारतीय वस्तीच्या गावाच्या बाजूच्या केसेस तुझ्याकडे सरकवणार हे नक्की. मुलाकडे राहायला आलेले आईवडील असतात, बेसमेंटमध्ये राहतात, गाडी येत नाही, नातवंडं इंग्लिशमध्ये बोलतात, दिवसभर टीव्ही, आणि डॉक्टरकडे तक्रार काय तर गुडघे. ग्रीन कार्ड येऊन पाच वर्षं झाल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, पैसे मोजूनही मिळत नाही, हे मुलांनाच माहीत नसतं कधीकधी. भाषांतराला मुलाला किंवा सुनेला बसवू नकोस, अजिबात नाही, जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच असतं ना. आणि तोच काका तुला पटेल ब्रदर्समध्ये भाजी घेताना दिसला तर तू ओळख दाखवायची नाहीस, त्याने दाखवली तरच हसायचं. आपल्यात हे फार अवघड जातं बघ, कारण त्याची बहीण तुझ्या आईची भिशीतली निघते.

नवऱ्याने टाकलेल्या मुली पण येतील. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली, हातात पासपोर्ट नाही, बँकेत नाव नाही, नवरा इंडियाला जातो सांगून गायब. तुला वाटेल हा आपला प्रॉब्लेम ज्यू संस्थेला काय कळणार. अरे, फॅमिली सर्व्हिस नावाच्या कामाचा बराच भाग यातूनच वाढलाय. शंभर वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये स्थलांतरित ज्यू नवरे बायकापोरांना सोडून पळून जायचे, इतके, की १९११ मध्ये त्यांना शोधायला नॅशनल डेझर्शन ब्युरो काढला, आणि फॉरवर्ड नावाच्या यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या पेपरात पळपुट्या नवऱ्यांचे फोटो छापून यायचे! मला तर ही आयडिया आजही वाईट वाटत नाही, काही फोटो माझ्याकडे तयार आहेत. असो. अशी केस आली की एकट्याने हिरोगिरी नको, सुपरव्हायझरला सांग, इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठव, आणि मानवीला फोन लाव, १९८५ पासून न्यू जर्सीत साऊथ एशियन बायकांसाठी काम करणारी संस्था आहे, त्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दारात गार्ड असेल, बॅग उघडून दाखवायला लागेल, वैतागू नकोस. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ माणसं मारली त्या माणसाचा राग कशावर होता माहितीय? हायसवर. १८८१ पासूनची निर्वासितांना मदत करणारी ज्यू संस्था, ज्यूंसाठी सुरू झाली आणि आता कुठल्याही देशाच्या, धर्माच्या निर्वासिताला मदत करते, हाच त्याच्या लेखी गुन्हा. आमच्यासारख्या बऱ्याच एजन्सी त्यांच्याबरोबर काम करतात, काबूल पडल्यावर २०२१ मध्ये अफगाण कुटुंबं आली तेव्हा गाद्या आणि प्रेशर कुकर गोळा करायला आपलं मराठी मंडळ पण होतं. तेव्हा गार्डला रोज गुड मॉर्निंग म्हण, तो खूप कामाचा माणूस आहे.

डबा कुठे खायचा ते आधी विचार. किचन कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांप्रमाणे चालणारं असेल तर बाहेरचं अन्न तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नसतं, चिकन तर सोडच, तुझी मटकीची उसळ पण नाही. शुक्रवारी सूर्यास्तापासून ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, सुरू होतो, म्हणून दुपारी ऑफिस लवकर रिकामं होतं, त्यामुळे अर्जंट काही असेल तर गुरुवारीच उरक, आणि धार्मिक क्लायंटला शनिवारी फोन करायचा नाही, ते उचलणारच नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुट्ट्यांवर सुट्ट्या, कॅलेंडर बघून अपॉइंटमेंट दे. पासओव्हर या वसंतातल्या ज्यू सणाच्या आधीचे दोन आठवडे मात्र सुट्टी मागू नकोस, पँट्रीत मात्झाची, म्हणजे त्या सणाच्या बिनखमिराच्या पोळ्यांची खोकी छतापर्यंत येतात आणि तुझी पाठ तरुण आहे. आणि आपल्या शाकाहारी आज्यांना पाकिटावरचं पारेव वाचायला शिकव, म्हणजे दूध नाही, मांस नाही, पण अंडं आणि मासे चालतात त्यात, हे पण सांग, नाहीतर मला फोन येतील.

टीबी टेस्टचा रिपोर्ट आणि फिंगरप्रिंटची पावती पहिल्या दिवशीच घेऊन जा, त्याशिवाय होम व्हिजिटला सोडत नाहीत. पहिली सुपरव्हिजन झाली की मला फोन कर, रविवारी सकाळी नको फक्त, ढोल-ताशाची प्रॅक्टिस असते आणि काही ऐकू येत नाही.

तुझी मावशी