वाचकांचे प्रश्न : आर भाषेतली सेटिंग्ज

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं वापरावीत.)

प्रश्न : खर्चाचा तक्ता आर या सांख्यिकीच्या संगणक भाषेतून सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढला, की १ लाखाची रक्कम १ई+०५ अशी उतरते. १,५०,००० मात्र नीट येते. ऑप्शन्स ही सेटिंग बदलण्याची आज्ञा वापरून दुरुस्त केलं, पण आर बंद करून उघडल्यावर पुन्हा तेच. असं का?

उत्तर : १ई+०५ हे घातांकाचं रूप, म्हणजे १ गुणिले १० चा पाचवा घात. आर साधं आणि घातांकाचं अशा दोन्ही रूपांची लांबी मोजतो आणि आखूड रूप निवडतो. १००००० ला सहा जागा लागतात, १ई+०५ ला पाचच. १५०००० ला सहा लागतात आणि १.५ई+०५ ला सात, म्हणून ती रक्कम सरळ उतरते. सीएसव्हीत हा निर्णय प्रत्येक आकड्यापुरता वेगळा होतो, त्यामुळे एकाच रकान्यात दोन्ही रूपं दिसतात. पूर्णांक प्रकारातल्या आकड्यांना हा त्रास नाही. ५०,००० ला २ ने गुणलं, की उत्तर दशांश प्रकारात जातं आणि तिथे घोळ सुरू होतो.

उपाय : ऑप्शन्स(सायपेन = १५). सायपेनचं स्पेलिंग एस-सी-आय-पी-ई-एन. घातांकाच्या रूपाला पंधरा जागांचा दंड बसतो आणि कोटींच्या रकमाही सरळ उतरतात. अनेक जण ९९९ लिहितात, ते टाळा. मग अतिसूक्ष्म पी-मूल्यांमध्ये (सांख्यिकी चाचण्यांतून येणाऱ्या संभाव्यतांमध्ये) दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लागते आणि वाचताना हमखास चूक होते.

हे सेटिंग चालू सत्रापुरतंच असतं. वर्कस्पेस (सत्रात तयार केलेला सगळा डेटा) जतन केली तरी ते तिच्यासोबत जात नाही. कायम हवं असेल तर आर सुरू होताना आपोआप वाचतो त्या .आरप्रोफाइल फाइलीत लिहा (इथला आर मोठा). आर आधी चालू फोल्डरमध्ये ही फाइल शोधतो, तिथे नसेल तरच होम फोल्डरमधली वाचतो. दोन्ही कधीच वाचत नाही. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबा, नाहीतर ती ओळ गुपचूप गळू शकते.

तरीही आमचा आग्रह असा, की निकाल बदलणारं सेटिंग स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींतच असावं. तुमची .आरप्रोफाइल सहकाऱ्याच्या संगणकावर नसते आणि त्याच्या फाइलीत १ई+०५ पुन्हा उगवतं. फंक्शनच्या आत बदल करायचा तर जुने <- ऑप्शन्स(सायपेन = १५) आणि लगेच पुढच्या ओळीत ऑन.एग्झिट(ऑप्शन्स(जुने)). मध्येच एरर आली तरी मूळ सेटिंग परत येतं.

नावात एक अक्षर चुकलं तर आर तक्रार करत नाही, त्या नावाचं नवंच ऑप्शन तयार करून ठेवतो. म्हणून गेटऑप्शन("सायपेन") (इथला ओ मोठा) चालवून किंमत बघून घ्या.

प्रश्न : ऑप्शन्समध्ये डिजिट्स = २ ठेवलं, तरी १२३.४५६ चं १२३ दिसतं. दोन दशांश स्थळं का नाहीत?

उत्तर : डिजिट्स सार्थ अंक (पहिल्या शून्येतर अंकापासूनचे सगळे अंक) मोजतं, दशांश स्थळं नव्हे. मूळ किंमत ७ असते आणि तिचा परिणाम पडद्यावर दिसण्यापुरता. सीएसव्हीत १५ सार्थ अंकांपर्यंत आकडा जातो. फाइलीतही दोनच स्थळं हवीत तर राउंड(रक्कम, २) करा.