विहिरीचा पॅनोरमा जुळत का नाही?

प्रश्न : लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचा पॅनोरमा काढला, पण जोडताना कमानी तुटतात. काय चुकतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, कॅमेरा हातात धरून आपण फिरलो की लेन्सची जागा सरकते, मग जवळची कमान आणि मागची भिंत एकमेकांशी जुळतच नाहीत, आणि विहिरीत तर सगळंच जवळ. ट्रायपॉडवर पॅनोरमा हेड (कॅमेरा मागेपुढे सरकवून बसवता येतो अशी फिरती पट्टी) लावा, कॅमेरा लेन्सच्या ‘नोडल पॉइंट’भोवतीच फिरला पाहिजे, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरवलं तर जवळच्या-लांबच्या गोष्टी एकमेकींपासून सरकत नाहीत तो. शेजारचे फोटो ३० टक्के तरी एकमेकांवर यावेत, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) मॅन्युअलवर एकदाच ठरवून ठेवा, नाहीतर दगडाचा रंग फोटोगणिक बदलतो. फोटो जोडायला हगिन (Hugin) हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि विहिरीवरच्या शिलालेखाचाही फोटो घ्याल तर अक्षरं दिसावीत म्हणून त्यावर खडू अजिबात चोळू नका, प्लीज, तिरप्या उजेडात अक्षरं आपोआप उठून दिसतात.