वाचक विचारतात : ‘अभ्यासाला बस’ किती वेळा सांगायचं?

पहिली घटक चाचणी झाली की माझ्याकडे येणारी पत्रं एकदम वाढतात, यंदाही तसंच झालंय. ठाणे-नवी मुंबईकडून आलेली चार पत्रं इथे घेतलीयत, जागेसाठी थोडी कापून. बहुतेकांचा सूर ‘मूल ऐकतच नाही’ असा आहे, पण वाचताना मला सारखं वाटत होतं की मुलाच्या स्वभावाकडे वळायच्या आधी घरातली संध्याकाळ कशी लागलीय ते बघायला हवं.

ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगा सहावीत आहे, दोन वाजता शाळेतून येतो, घरी सासूबाई असतात. मी ऑफिसमधून पोचेपर्यंत पावणेआठ होतात आणि तोवर त्याने वहीसुद्धा उघडलेली नसते. होमवर्क शाळेच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो त्यामुळे मोबाईल द्यावाच लागतो, मग यूट्यूब, मग गेम. नऊला जेवण झालं की आमची रडारड सुरू, साडेदहा-अकरापर्यंत. रोज. काय करू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दमून आल्यावर परत घरात ही लढाई, खरंच जीव मेटाकुटीला येतो. पण एक सांगते, अकरा वर्षांच्या मुलाने नऊ वाजता जेवणावर अपूर्णांकांची बेरीज करावी आणि तीही हसत, ही अपेक्षाच जड आहे, त्या वेळी तो आळशी नसतो, दमलेला असतो, आणि तुम्हीही. म्हणून पहिलं काम म्हणजे होमवर्क रात्रीतून बाहेर काढायचा. शाळेतून आल्यावर जेवण, आराम, खाली खेळून येणं हे सगळं होऊ दे, ते कापू नका. पाच-सव्वापाचला दूध-नाश्ता झाला की त्याच टेबलावर, ताटली उचलली की दप्तर. घड्याळ बघून ‘पाच वाजले, बस’ म्हणण्यापेक्षा ‘दूध पिऊन झालं की दप्तर’ हे मुलांना लवकर अंगवळणी पडतं, कारण एका कामाच्या शेपटीला दुसरं काम बांधलेलं असतं. सासूबाईंनी अभ्यास घ्यायची गरज नाही, त्यांनी फक्त ताटली उचलायची आणि शेजारी भाजी निवडत बसायचं. त्यांना हे आधी नीट समजावून सांगा आणि निर्णय त्यांच्यासोबत घ्या, नाहीतर आजी म्हणणार ‘जाऊ दे गं, लेकरू दमलंय’ आणि तिथेच सगळं संपतं.

आता मोबाईल. होमवर्क मोबाईलवर येतो म्हणून तो होमवर्कभर हातात असला पाहिजे असं नाही ना! मोबाईल घ्यायचा, ग्रुप उघडायचा, जे काय दिलंय ते डायरीत स्वतःच्या अक्षरात उतरवायचं आणि मोबाईल आजीकडे परत. दहा मिनिटांचं काम. वर्कशीटची पीडीएफ असेल तर शक्यतो खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा. तुम्ही घरी नसताना हे जमावं म्हणून त्या फोनवर काही सोय करता येते, अँड्रॉइड असेल तर फॅमिली लिंक किंवा डिजिटल वेलबीइंगमधला फोकस मोड, आयफोन असेल तर स्क्रीन टाइम, ठरावीक वेळेत यूट्यूब आणि गेम बंद राहतात. पण हे त्याला सांगून करा, चोरून लावलेलं कुलूप सहावीतली मुलं आठवड्यात उघडतात आणि मग विश्वासही जातो.

‘पाच मिनिटंच बघतो’ याने काय बिघडतं असं सगळी मुलं विचारतात. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ साली हेच मांडलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा थोडा भाग आधीच्याच कामात अडकून राहतो. तिचा अभ्यास मोठ्या माणसांवर होता, पण लसावि काढताना मधेच गेमची अर्धी लेव्हल डोक्यात असलेलं मूल ज्याने बघितलंय त्याला हे लगेच पटेल, पोरगं सात आणि आठ गुणून चोपन्न लिहितं आणि आपण म्हणतो पाढे येत नाहीत. पाढे येतात हो, लक्ष तिकडे असतं.

आणि एक गोष्ट, ही मी वर्गातल्या मुलांकडून कायम करून घ्यायचे. डायरीच्या पानावर कामं लिहून झाली की प्रत्येकापुढे दोन रकाने. पहिल्यात ‘किती वेळ लागेल’, काम झालं की दुसऱ्यात ‘किती लागला’. मुलं पहिल्या रकान्यात गणिताला बिनधास्त एक तास लिहितात आणि सलग बसलं तर पंचवीस मिनिटांत होतं. उलटंही होतं, निबंधाला दहा मिनिटं लिहितात आणि चाळीस जातात. चार-पाच दिवस हे रकाने भरले की त्यांचं त्यांनाच कळतं वेळ कुठे जातो, आपण ओरडून हे कधीच कळत नाही. शिवाय तुम्हालाही एक पुरावा मिळतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ असावा असं म्हटलंय. मोबाईल लांब ठेवून, सलग बसूनही रोज दोन-अडीच तास जात असतील तर दोष मुलाचा नाही, ती डायरी घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. तक्रार म्हणून नको, ‘बघा ना सर, एवढा वेळ लागतोय’ एवढंच. पान समोर असलं की बोलणं सोपं जातं.

तुम्ही पावणेआठला आल्यावर काय करायचं? पर्स ठेवल्या ठेवल्या ‘झाला का होमवर्क’ हा पहिला प्रश्न नको, प्लीज. चहा घ्या. मग वही बघा आणि कुठलंही एक गणित दाखवून ‘हे कसं केलंस सांग’ एवढंच विचारा. चुका खोडून सगळं बरोबर करून देऊ नका, शिक्षकांना त्या चुका दिसायला हव्यात, नाहीतर वर्गात त्यांना वाटतं सगळ्यांना आलंय. आणि तो वही दाखवतोय तेव्हा तुमचाही फोन उलटा ठेवा. मुलं हे बघतात, फार बारीक बघतात.

पहिला आठवडा वाईट जाईल, तिसऱ्या दिवशी तर मोडणारच. लंडनमध्ये २०१० साली सवयींवर एक अभ्यास झाला होता, रोजची एक छोटी गोष्ट आपोआप व्हायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाचं गणित २५४ पर्यंत गेलं, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फार फरक पडला नाही. म्हणून गुरुवारी राहिलं तर शुक्रवारी परत दूध, ताटली, दप्तर.

नौपाड्याहून एक आजी लिहितात : नातू तिसरीत आहे. एक पान शुद्धलेखन लिहिलं की मी दहा रुपये देते, पटकन बसतो. सून म्हणते हे चूक आहे. तुमचं काय मत?

आजी, मी सुनेच्या बाजूने आहे. आज दहा, दिवाळीनंतर वीस, आणि ज्या दिवशी सुटे नसतील त्या दिवशी पान नाही. त्यापेक्षा लिहून झालं की त्याला तलावपाळीला फिरायला न्या किंवा त्याच्यासोबत पत्त्यांचा एक डाव टाका, मुलांना आजीचा वेळ हवाच असतो. आणि तिसरीला लिहायचं तरी किती? त्याच पॉलिसीत तिसरी ते पाचवीला आठवड्याला मिळून दोन तास म्हटलंय. दोन ओळी सुंदर लिहिल्या तरी पुष्कळ झालं.

मॅडम, मी ऐरोलीला राहतो, दहावीला आहे. रोज पाच-सहा तास वाचतो, ‘स्टडी विथ मी’ व्हिडिओ लावून बसतो, महत्त्वाचं सगळं हायलाइट करतो. तरी चाचणीत काहीच आठवलं नाही. मोबाईल सायलेंटवर असतो पण हात आपोआप तिकडे जातो. रात्री एक वाजतो झोपायला. काय चुकतंय?

बाळा, तुझी मेहनत खरी आहे, पद्धत बदलूया. वाचताना जे ओळखीचं वाटतं ते आपल्याला येतंय असं वाटतं, आणि पेपरात पुस्तक समोर नसतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुझी चाचणी आठवड्यानेच असते ना, म्हणून तुझ्या कामाची ती दुसरी पद्धत, न बघता आठवून लिहायची.

आज संध्याकाळीच करून बघ. विज्ञान भाग १ मधलं गुरुत्वाकर्षण घे, केप्लरचे नियम एकदा वाच आणि पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर तिन्ही लिही, आकृतीसकट. पहिला येईल, कक्षा लंबवर्तुळाकार आणि सूर्य एका नाभीवर. दुसऱ्याला बहुतेक अडशील, ‘समान कालावधीत समान...’ आणि पुढे काय ते आठवणार नाही. तिथे लगेच पुस्तक उघडू नकोस, मिनिटभर डोकं खाजव, मग बघ की ते ‘समान क्षेत्रफळ’ आहे, आणि उद्या सकाळी कोऱ्या कागदावर परत. ते अडणं नकोसं वाटतं म्हणून सगळे हायलाइटर घेऊन बसतात, पण खरा अभ्यास त्या अडण्यातच होतो. अशी तीस-चाळीस मिनिटं, मग उठून पाणी, दोन येरझाऱ्या, परत. अशा पद्धतीने दोन-अडीच तास झाले तरी तुझ्या सहा तासांपेक्षा जास्त पदरात पडेल.

मोबाईल सायलेंट असून हात जातो कारण तो हाताशी आहे. टेक्सासमध्ये २०१७ साली झालेल्या एका प्रयोगात फोन सायलेंटच होते, तरी ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी टेबलावर फोन ठेवणाऱ्यांपेक्षा बरी कामगिरी केली. नंतर असे प्रयोग झाले तेव्हा प्रत्येक वेळी तेच आढळलं असं नाही, पण तुझा हात जातो हे तर तूच लिहिलंयस, तर फोन आईच्या खोलीत चार्जिंगला. टायमरसाठी घरातलं साधं घड्याळ. व्हिडिओ पण नको, दुसऱ्या कोणाचा अभ्यास बघत बसायला फोन समोर उभा ठेवावाच लागतो. आणि एक वाजता झोपणं बंद, हे मी काकुळतीने सांगते. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, वाचलेलं पक्कं व्हायलाही झोप लागते. साडेदहाला दिवा बंद.

मी वाशीच्या भाजी मार्केटला कामाला आहे. रात्री निघतो, सकाळी येतो, दिवसा झोपतो. कोपरखैरण्याला एकच खोली आणि किचन. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. मी झोपलेलो म्हणून पोरं गप्प बसून मोबाईल बघतात, संध्याकाळी आईची सिरियल. अभ्यासाला जागाच नाही. आम्ही शिकलो नाही, मदत पण करता येत नाही.

दादा, रात्रभर काम करून पोरांच्या अभ्यासाची काळजी करताय, तुम्हाला नमस्कार. शिकलेले नसलात तरी बघा, मुलांना उत्तरं सांगायला माणूस लागत नाही तेवढा वेळ राखायला लागतो, आणि ते तुम्हाला जमेल.

जागा म्हणजे टेबल-खुर्ची नव्हे. किचनचा एक कोपरा ठरवा, तोंड भिंतीकडे, खाली चटई, मांडीवर पाट नाहीतर ते घडीचं छोटं टेबल. एका डब्यात पेन, शार्पनर, पट्टी, कंपास सगळं, म्हणजे दर पाच मिनिटांनी ‘माझी पट्टी कुठेय’ म्हणत उठणं नाही. वर चांगला एलईडी बल्ब लावा, डोळ्यांवर ताण नको. पोरांना अगदी गप्प बसवूही नका, पाठांतर पुटपुटत झालं तरी चालेल, तुम्हाला कानात कापूस घालून झोपता येतं का बघा.

मुलांच्या आईशी बोलून घ्या. सिरियल बंद करा म्हणू नका, दिवसभर राबून तिला तेवढाच विरंगुळा असेल. तिची कुठली एक सिरियल ती सोडणार नाही ते विचारा, ती बघू दे, आणि तिच्या आधीचा एक तास टीव्ही बंद. चौथीच्या मुलाला त्यातली वीस मिनिटं भरपूर, मग त्याला खेळायला सोडा. तो बाहेर गेला की तोच कोपरा मुलीला निवांत मिळेल.

मुलीबद्दल थोडी काळजी वाटते. भावाचा अभ्यास घेणं, भांडी, पाणी भरणं हे सगळं तिच्यावरच पडत नाहीये ना ते बघा. त्याला शिकवल्याने तिचंही पक्कं होतं हे खरं, पण ते आठवड्यातून एकदा, रोज नको. पुढच्या वर्षी नववी आहे, तिचा अभ्यास वाढणार, तर आत्ताच तुमच्या भागात अभ्यासिका कुठे आहे, मुलींना संध्याकाळी किती वाजेपर्यंत बसता येतं, फी किती, हे एका सुट्टीच्या दिवशी तिला सोबत घेऊन विचारून या.

आणि संध्याकाळी उठलात की कामावर निघायच्या आधी दोघांना म्हणा, ‘आज काय केलं ते मला सांग.’ तुम्हाला समजलं नाही तर तसं म्हणा, ‘परत सांग, मला नाही कळलं.’ मुलगी परत सांगेल, सोप्या शब्दांत सांगेल, आणि सांगता सांगता कुठे अडतंय ते तिला कळेल.