बाण कोणापासून सुटतो?

प्रश्न : मॅडम, मी गडहिंग्लजला राहते. बी.कॉम. झालंय आणि एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची, कॅटची, तयारी घरीच करते. जर-तरच्या नियमांत माझे मार्क हमखास जातात. परवाचं कोडं असं : रिलेसाठी अमर, बंटी, चंदू, दिलीप, इरफान आणि गणेश या सहांतून चौघे निवडायचे. अमर धावला तर बंटी धावत नाही. चंदू धावला नाही तर दिलीप धावतो. इरफान धावला तरच अमर धावतो. बंटी असल्याशिवाय गणेश धावत नाही. ‘गणेश संघात असेल तर इरफानबद्दल काय म्हणता येईल?’ मी लिहिलं, ‘इरफान संघात नाही’. उत्तर निघालं, ‘नक्की सांगता येत नाही’. ‘हा असेल तर तो’ असे नियमांचे बाण काढूनसुद्धा चुकते, असं का?

उत्तर : आकृतीचा फोटो सोबत पाठवलास हे फार बरं केलंस. पहिल्या दोन पायऱ्या अगदी बरोबर आहेत : गणेश आहे म्हणून बंटी आहे, बंटी आहे म्हणून अमर नाही. तिसऱ्या नियमाला मात्र तू ‘इरफान → अमर’ असा बाण काढलायस. त्याची दिशा चुकली आहे. एकदा ती चुकली की ‘अमर नाही म्हणून इरफान नाही’ हे ओघानंच येतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे येणारी बहुतेक मुलंही या ‘तरच’वर अडतात, आणि त्याचं कारण मला समजतं. वाक्यात इरफान आधी येतो. शिवाय मनात चित्र असं उभं राहतं, की आधी इरफान येणार आणि मग त्याच्यामुळे अमर येणार. पण बाण ‘आधी कोण, नंतर कोण’ हे सांगत नाही. म्हणून नियम वाचल्याबरोबर पेन्सिल टेकवू नकोस. आधी स्वतःला विचार : यादीत कोणाचं नाव दिसलं की दुसऱ्याबद्दल खात्री मिळते? ज्याच्यामुळे खात्री मिळते, त्याच्यापासून बाण सुटतो. इरफानचं नाव दिसलं म्हणून अमर असेलच, अशी हमी नियमानं दिलेली नाही, नुसती परवानगी दिली आहे. अमरचं नाव दिसलं तर मात्र इरफान असलाच पाहिजे. म्हणून अमर → इरफान. हाच प्रश्न चौथ्या नियमाला विचार. बंटी दिसला तर गणेश असेलच का? नाही. गणेश दिसला तर बंटी असणारच. म्हणून गणेश → बंटी.

आता दुसरी गोष्ट. प्रत्येक नियमाखाली त्याचा उलटा बाणही लगेच लिहायचा, नंतर गरज पडली तर बघू असं म्हणायचं नाही. उलटताना टोकं बदलायची आणि दोन्हीकडचं ‘आहे-नाही’ही बदलायचं, दोन्ही एकदमच. अमर → इरफान याचा उलटा बाण इरफान नाही → अमर नाही. यातलं एकच काम करून थांबलं की चूक झालीच.

हे आपल्याला परकं नाही. न्याय या आपल्या जुन्या तर्कशास्त्रात धूर आणि अग्नीचं जे उदाहरण देतात, ते आपल्याकडच्या हंगामात करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर बघायला मिळतं. धुराड्यातून धूर निघतोय म्हणजे खाली चुलवाण पेटलंय. याला अन्वय म्हणतात. चुलवाण पेटलेलं नाही म्हणजे धूर नाही, हा व्यतिरेक, म्हणजेच आपला उलटा बाण. पण चुलवाण पेटलंय म्हणून धूर दिसेलच असं म्हणता येत नाही, कारण नुसते निखारे फुललेले असतील तरी आग असतेच. न्यायपरंपरेत याच कामासाठी लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण आहे : अग्नी आहे, धूर नाही. आपल्या पंडितांनी शतकांपूर्वी इतकं बारकाईनं लिहून ठेवलेलं मुलांपर्यंत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुझं कोडं पुन्हा सोडव. गणेश → बंटी → अमर नाही. इथे साखळी संपते, कारण ‘अमर नाही’ इथून पुढे एकही बाण सुटत नाही. बाण संपला की बोट उचलायचं. खात्री करायची असेल तर संघच मांडून बघ. अमर असेल तर बंटी बाहेर, बंटी नाही म्हणून गणेशही बाहेर, आणि उरलेले चौघे अमर, चंदू, दिलीप, इरफान हाच एक संघ. अमर नसेल तर बंटी हवाच, कारण बंटी नसेल तर गणेशही जातो आणि तिघेच उरतात. मग बंटीबरोबर चंदू, दिलीप, इरफान, गणेश यांतले कोणतेही तिघे चालतात. असे एकूण पाच संघ. त्यांतल्या तीन संघांत गणेश आहे, आणि त्या तिघांपैकी दोघांत इरफान आहे, एकात नाही. म्हणून ‘सांगता येत नाही’.

तुझ्या फोटोत आणखी एक दिसलं. दुसऱ्या नियमाशेजारी तू ‘दोघांपैकी एकच’ असं लिहिलंयस. ते खोड. चंदू नाही → दिलीप याचा अर्थ दोघांपैकी एक तरी हवाच, आणि दोघेही असले तरी चालतात. पहिला नियम याच्या बरोबर उलट : अमर आणि बंटी एकत्र नकोत, पण दोघेही नसले तर हरकत नाही. बाणाच्या सुरुवातीला ‘नाही’ असेल तर दोघांनी एकदम बाहेर राहायचं नसतं. ‘नाही’ शेवटी असेल तर दोघांनी एकदम आत यायचं नसतं. हे इतकं पक्कं कर की परीक्षेत पुन्हा विचार करावा लागू नये. कॅटमध्ये अशी कोडी ज्या विभागात येतात, त्याला चाळीसच मिनिटं असतात.

आणि स्वतःला कमी लेखू नकोस. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली मांडलेला एक प्रयोग आहे. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात : अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम मोडलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटायचे? बरेच शिकले-सवरलेले लोक अ आणि ४ म्हणतात. उलटायचे असतात अ आणि ७. चारच्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही, सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. ७ उलटणं म्हणजे उलटा बाण वापरणं.

प्रश्न : ‘आणि’, ‘किंवा’ असलेला नियम कसा उलटायचा? (एक वाचक, कागल)

उत्तर : उलटताना ‘आणि’चं ‘किंवा’ होतं, ‘किंवा’चं ‘आणि’. ‘अमर आणि बंटी दोघे आले तर चंदू येत नाही’ हे उलटलं की ‘चंदू आला तर अमर येत नाही किंवा बंटी येत नाही’. या नियमाचे दोन तुकडे करू नका, एकट्या अमरच्या येण्यानं चंदूचं काहीच ठरत नाही. ‘अमर किंवा बंटी आला तर’ असं असतं, तर मात्र दोन सुटे बाण काढा, काम सोपं होतं. ‘आणि’-‘किंवा’ उलटण्याचा हा नियम ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा, हे मी वर्गात आवर्जून सांगते.

प्रश्न : मुलाला अमेरिकेत कायदा शिकायचाय. तिथल्या प्रवेशपरीक्षेचे, एलसॅटचे, जुने पेपर मिळालेत. त्यांतली कोडी सोडवून घेऊ का? (एक पालक, शाहूपुरी)

उत्तर : एलसॅटसाठी नको. कोड्यांचा तो विभाग ऑगस्ट २०२४पासून परीक्षेतून काढून टाकलाय. दृष्टिहीन उमेदवारांना आकृत्या काढता येत नाहीत, मग आकृतीवर बेतलेला विभाग त्यांना न्याय्य कसा, असा दावा झाला होता. २०१९ साली तडजोड झाली आणि त्यातून हा बदल आला. मला तो योग्य वाटतो. आता गुण मिळतात ते तर्कयुक्तिवादाच्या दोन विभागांना आणि उताऱ्यांच्या एका विभागाला. मुलाला जुन्या पेपरांतले तर्कयुक्तिवादाचे विभाग द्या, प्रत्येकी पस्तीस मिनिटं लावून. तिथे आकृती लागत नाही, पण ‘आवश्यक’ (बाण जिथे पोचतो ते) आणि ‘पुरेसं’ (बाण जिथून सुटतो ते) यांतला फरक पावलोपावली विचारतात, त्यामुळे आठवडाभर वर दिल्याप्रमाणे बाण आणि त्याखाली उलटा बाण लिहायचा सराव त्याच्याकडून करून घ्या. आपल्याकडच्या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लॅटचा, विचारही असेल तर तिथे दोन तासांत १२० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. तेव्हा बाण कागदावर न काढता मनात उलटता येईपर्यंत सराव हवा.