टोटल स्टेशन चांगलं येतं, तर लेझर ट्रॅकर शिकायला किती वेळ लागेल आणि इंडस्ट्रियल सर्व्हेत जावं का?

लेझर ट्रॅकर म्हणजे मोठ्या मशिनी लेझरने मोजणारं यंत्र, टोटल स्टेशनचाच (सर्व्हेचं कोन-अंतर मोजणारं यंत्र) बारीक भाऊ. त्याची बटणं पंधरा दिवसांत येतील. रिसेक्शन (ओळखीच्या बिंदूंवरून आपली जागा काढणं), नेटवर्क (एकमेकांना जोडलेले बिंदू), ॲडजस्टमेंट (जास्तीच्या मापांवरून चुका वाटून घेणं) हे तुमच्या डोक्यात आहेच, फक्त प्रिझमच्या जागी गोळा रिफ्लेक्टर आणि मिलिमीटरच्या जागी मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "आता सॉफ्टवेअरच सगळं करतं असं ऐकलंय", ते वाचून राहवलं नाही.

हेच मला एका कारखान्यातल्या मॅनेजर साहेबांनी ऐकवलं होतं. वीस मीटर लांब, मीटरभर उंच स्टीलचा बेड (मशीनची बैठक), सरळपणा तपासायचा होता. दुपारी मोजला तर मधोमध अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा कमी फुगवटा. फिटर लगेच मधले शिम (उंची जुळवायला खाली घातलेल्या पातळ पट्ट्या) काढायला निघाले, मी थांबवलं, कारण छपरातून ऊन थेट बेडवर येत होतं, आणि थर्मामीटर लावून बघितला तर वरचं अंग खालच्यापेक्षा एक डिग्रीने गरम. एवढ्या फरकाने मोकळ्या बेडला मधे 0.57 मिमीची कमान येते, हिशोब दोन ओळींचा आहे. साहेब म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल स्टील टाका, तापमान टाका, 20 डिग्रीला आणा, विषय संपला. अहो, असं स्केल लावून, म्हणजे सगळी मापं एकाच प्रमाणात बदलून, फक्त लांबी सुधारते! वीस मीटर स्टील 5 डिग्रीने तापलं की साधारण 1.15 मिमी वाढतं, ते स्केल काढून टाकतं, पण वाकलेला बेड त्याने सरळ होत नाही, कमान जशीच्या तशी राहते.

मग म्हणे तुमचा ट्रॅकरच हलला असेल. जमिनीवर चिकटवलेले नेस्ट (रिफ्लेक्टर ठेवायच्या वाट्या) मी सुरुवातीला, मधे आणि शेवटी मोजले होते, सगळे दोन शतांश मिलिमीटरच्या आत परत आले होते, ते आकडे समोर ठेवले आणि रिपोर्टवर सही केली नाही. पहाटे शटर बंद ठेवून, वर-खालचं तापमान एक झाल्यावर परत मोजलं, फुगवटा पाव भागावर आला होता. दुपारी शिम काढले असते तर रात्री त्याच बेडला मधे खड्डा पडला असता. साहेबांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, की रात्रीत बेड "बसला". लोखंड असं रात्रीत बसत नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, ज्या रिपोर्टमध्ये तापमान आणि ड्रिफ्ट चेक (ट्रॅकर हलला नाही याची तपासणी) नाही तो रिपोर्ट नाहीच. हवेचंही तसंच, हवा 1 डिग्रीने बदलली की अंतरात जवळपास 1 पीपीएमचा (दहा लाखांत एक भाग) फरक पडतो, ते ट्रॅकरचं वेदर स्टेशन (हवा मोजणारं उपकरण) सांभाळून घेतं, पण जमिनीजवळ थंड आणि वर गरम अशी हवा असली की नजरेची रेषाच वाकते आणि कोन चुकतात. ट्रॅकरचं अंतर कोनापेक्षा कितीतरी भरवशाचं, म्हणून एकाच जागेवरून सगळं मोजून मोकळं होऊ नका, जास्त स्टेशन घ्या आणि ॲडजस्टमेंट करा.

रिसर्चमध्ये तर याहून बारीक काम. सर्न या युरोपातल्या कण-संशोधन संस्थेच्या 27 किलोमीटरच्या गोल बोगद्यात 1990च्या दशकात लेप मशीनवर (कण वेगाने फिरवणारं यंत्र) काम चालू असताना चंद्राच्या ओढीने रिंगचा परीघ मिलिमीटरभर बदलतो हे बीमच्या (कणांच्या झोताच्या) ऊर्जेत दिसलं होतं. अशा ठिकाणी ताणलेली तार आणि पाण्याची लेव्हल असली साधनं आजही लागतात, आणि पाणी पृथ्वीच्या वळणाने जातं, 100 मीटरवर सरळ रेषेपासून सुमारे 0.8 मिमी खाली, तेही हिशोबात धरावं लागतं. हे करणारी माणसं सर्व्हेअरच आहेत, त्यांना कोणी बटणवाले म्हणत नाही.

जावं का, तर जरूर जा. इंटरव्ह्यूत एवढं विचारून घ्या की सर्व्हेअरने काम थांबवायला सांगितलं तर कोणाचं ऐकतात. उत्तर देताना अडखळले तर ती नोकरी घेऊ नका, पगार कितीही असो.

आणि हो, हे सगळं लांब मशिनींचं सांगितलं. तापमान राखलेल्या खोलीत हातभर पार्ट मोजायचे असतील तर यातलं बरंचसं लागत नाही, तिथे पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगवरही काम चालतं. खोली आणि पार्टचं तापमान मात्र तिथेही लिहून ठेवा.