किशी स्थानक खरोखर मांजरीने वाचवले का?

जपानमधील वाकायामा प्रांतातले किशी हे रेल्वे स्थानक तामा नावाच्या मांजरीमुळे बंद होण्यापासून वाचले हे खरे आहे का, आणि अशा लहान स्थानकांना पुढे काही भवितव्य आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तामाची स्टेशनमास्तर म्हणून नेमणूक जानेवारी 2007 मध्ये झाली, आणि किशी ज्यावर आहे त्या किशीगावा रेल्वेमार्गावर नव्या कंपनीच्या गाड्या त्याआधीच, 1 एप्रिल 2006 पासून, धावत होत्या. ज्यांनी हा मार्ग वाचवला त्यांच्यापैकी एका कुटुंबाशी माझा घरोबा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा मार्ग 1916 मध्ये सुरू झाला तो मुख्यतः वाकायामाच्या पूर्वेकडील तीन शिंतो देवस्थानांच्या यात्रेकरूंसाठी. पुढे 1933 मध्ये तो किशीपर्यंत वाढला आणि 1961 मध्ये नानकाई या मोठ्या कंपनीकडे गेला. सत्तरच्या दशकात वर्षाला 36 लाखांच्या आसपास असलेले प्रवासी 2005 पर्यंत 19 लाखांवर आले आणि वार्षिक तोटा सुमारे 50 कोटी येनांवर पोहोचला. त्यातच 2000 साली जपानचा रेल्वे कायदा बदलला होता. मार्ग बंद करायला आता सरकारची परवानगी लागत नव्हती, एक वर्ष आधी सूचना दिली की पुरे होते. तशी सूचना नानकाईने 2004 मध्ये दिली.

मी ओसाकात नोकरीला असताना माझे दाजी पुण्याहून आले होते. ते सीए आहेत, आणि तोट्यातली रेल्वे चालवणे म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी, हे त्यांचे लाडके मत आहे. आम्ही किशीला निघालो, तेव्हा त्याच भागात माहेर असलेल्या माझ्या सहकारी बाई आणि त्यांच्या वृद्ध आई बरोबर होत्या. सुदैवाने आम्हाला स्ट्रॉबेरीची चित्रे रंगवलेली गाडी मिळाली. किशीगावा परिसर स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ही जुनी गाडी नव्याने सजवताना लोकांकडून वर्गणी घेतली होती. डब्यात लाकडी बाके, लाकडी जमीन आणि वर्गणीदारांची बारीक अक्षरांतली नावे होती. त्या आजी बाकावरून उठल्या, चष्मा वर सरकवून ओळीवरून बोट फिरवत गेल्या आणि आपल्या घराचे नाव सापडल्यावर त्यांनी ते दाजींना दाखवले.

दाजींनी त्यांना विचारले की सरकारने पैसे दिले नसते तर तुमच्या वर्गणीने काय झाले असते. सहकारी बाईंनी तो प्रश्न जपानीत सांगितला. आजी म्हणाल्या की, आधी आम्ही उठलो, म्हणून सरकार उठले. सहा हजारांवर लोकांनी वर्षाला हजार येन भरून संघटना उभी केली, फलाट झाडले, सभा घेतल्या आणि जो मार्ग टिकवायचा त्याने प्रवासही केलाच पाहिजे, हा आग्रह घरोघर धरला. त्यानंतर प्रांताने जमीनखरेदीसाठी 23 कोटी येन दिले, वाकायामा शहर आणि किशीगावा गाव यांनी 10 वर्षांत 82 कोटी येनांपर्यंत तोटा भरून देण्याचे मान्य केले आणि जाहीर निवडीतून ओकायामाची ट्राम कंपनी पुढे आली. परतीच्या वाटेवर दाजी मराठीत म्हणाले, “ते जपानी लोक आहेत, त्यांना जमते.” या वाक्याचा मला आजही राग येतो. मार्ग सोडून जाणारी कंपनीसुद्धा जपानीच होती.

तामाचे श्रेय मात्र नाकारू नये. ती स्थानकाशेजारच्या दुकानदारीणबाईंची तिरंगी मांजर. तिचा आडोसा हटवावा लागणार होता, म्हणून बाईंनी नव्या कंपनीच्या अध्यक्षांना गळ घातली, आणि कर्मचारी काढून घेतलेल्या त्या स्थानकाला टोपीवाली स्टेशनमास्तर मिळाली. वाचलेल्या मार्गावर तिने दूरदूरचे प्रवासी आणले. 2010 मध्ये एजी मितोओका यांच्या आराखड्यानुसार मांजरीच्या तोंडवळ्याची, सायप्रस वृक्षाच्या सालीचे छप्पर असलेली नवी इमारत उभी राहिली. तामा 2015 मध्ये गेली. फलाटावर तिचे छोटे देऊळ आहे, आणि नितामा नावाची दुसरी मांजर तिच्या जागी आली. तोटा पुष्कळ घटला, पण संपला नाही, आणि 2016 मध्ये स्थानिक शासनांना मदतीची मुदत वाढवावी लागली. पर्यटक एकदा येतो. पासधारक विद्यार्थी रोज येतो, आणि जन्मदर घटल्याने तोच कमी होत चालला आहे. किशीचे भवितव्य या विद्यार्थ्यांवर आणि वाकायामा व किनोकावा (किशीगावा गाव आता याच शहरात आहे) या दोन शहरांच्या अंदाजपत्रकांवर ठरेल, असे माझे मत आहे.

प्रत्येक स्थानक वाचवावे, असे मात्र मी म्हणत नाही. होक्काइदोतील युबारी हे कोळशाचे शहर एकेकाळी लाखाच्या वर लोकवस्तीचे होते, ते दहा हजारांच्या खाली आले. तेव्हा 2016 मध्ये तिथल्या महापौरांनी स्वतःच रेल्वे बंद करून त्या बदल्यात चांगली बससेवा मागितली आणि मार्च 2019 मध्ये शेवटची गाडी धावली. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण तो शहराने हिशेब मांडून घेतला. दाजींचा हिशेब मात्र एकाच बाजूचा आहे: गावाला जाणाऱ्या डांबरी रस्त्याचा ताळेबंद त्यांनी कधी मागितलेला नाही.

आपण स्वतःच्या गावचे स्थानक वाचवायच्या विचाराने विचारत असाल, तर मांजर शोधण्याआधी वर्गणीची वही काढा. आणि किशीला जाणार असाल तर कारने जाऊन फोटो काढून परतू नका. वाकायामाहून अर्ध्या तासाचा प्रवास आहे, तो तिकीट काढून करा.